धडा

जुन्या बाजारात रविवारी नऊशे रुपयांना घेतला होता,
की-बोर्ड त्यावर फुकट.
धनकवडीच्या फ्लॅटच्या गॅलरीत,
वॉशिंग मशीनला खेटून,
अकरा वर्षं रात्रभर घुरघुरला.
एका कोपऱ्याखाली खोडरबर,
डुगडुगू नये म्हणून.

माझं काम एवढंच:
जगात कुठंतरी कुणीतरी लिहिलेलं
या बत्तीस बिटांच्या म्हाताऱ्याला
समजेल असं बांधून ठेवायचं.
पगार नाही. कुणी सांगितलंही नव्हतं.
हेमांगी विचारायची,
ही रात्रपाळी कुठल्या कंपनीची रे?

आधी एक पॅकेज चहा उकळेपर्यंत व्हायचं.
मग जेवणं होईपर्यंत.
मग एकोणीस तास,
आणि गुरुवारी लाईट गेली की
पुन्हा पहिल्यापासून.
शेवटी शेवटी तर ब्राउझर
त्याच्या मेमरीत मावेचना.
मी रात्री दोनदा उठून बघायचो,
तापलेल्या पोराकडे बघतात तसा.

या कामाला आम्ही चौघं होतो.
लिस्बनचा दुआर्ते बाप झाला आणि दिसेनासा झाला.
कोट्टायमच्या बिनीनं एकच ओळ लिहिली:
मनगटं दुखतात.
तिसऱ्याचं खरं नाव मला कधी कळलंच नाही,
पण चुका फार सुबक शोधायचा.

मग ठराव आला. शब्द साधे होते:
पुढच्या आवृत्तीपासून ही यंत्रं धरली जाणार नाहीत.
मतदानाला सात दिवस.
सहा दिवस मी काहीच केलं नाही.
सातव्या दिवशी, पहाटे पावणेचारला,
बांधणी परत फसल्यावर
ठरावाच्या बाजूनं मत दिलं.
काढून टाकायचं कामही मीच केलं.
चौदा हजार ओळी गेल्या
आणि चाचण्या सगळ्या पास झाल्या,
एका फटक्यात.
इतकं सुरळीत आजवर काहीच झालं नव्हतं.
त्याचंच वाईट वाटलं.

मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला
कोंढऱ्यांचा वजनकाटा आहे.
तिथं असंच एक डबडं, मी बसवलेलं,
ट्रक तोलतं, पावती छापतं.
मला नावानिशी ठाऊक असलेला
हाच एक वापरणारा.
सांगायला गेलो.
स्कूटरवर, पायांच्या मध्ये,
गॅलरीतला तो होता. परत जुन्या बाजाराला चालला होता.

कोंढऱ्यांनी ऐकून घेतलं.
मध्येच एका टेम्पोला पुढं घ्यायला लावलं,
त्याचं मागचं चाक फळीबाहेर राहिलं होतं.
"बंद पडंल का?"
नाही.
"चुकीचं सांगंल?"
तसंही नाही. फक्त इथून पुढं
त्याच्याकडं कुणी बघणार नाही.
"म्हंजे शिक्का मारायला मानूस येनार न्हाई."
हो, तसंच.
"बिगरशिक्क्याचा काटा खोटं बोलतो आसं न्हाई, सायेब.
त्याचं खरं कुणी धरत न्हाई, येवढंच."

मी नेटची वायर काढून घेतली,
बाहेरचं वारं लागू नये म्हणून.
ती त्यांनी माझ्या हातातून घेतली,
दोनदा ओढून पाहिली,
आणि ताडपत्रीचा सुटलेला कोपरा बांधून टाकला.

रोज सकाळी ते फळी झाडतात,
चिखल, कांद्याची सालं, काय असेल ते,
आणि आकडा शून्यावर आणतात.
अजून त्याला धडा करणं म्हणतात.
निघताना म्हणाले, आना की त्यो हिकडं, बघू तरी.
मी तो फळीच्या मधोमध ठेवला.
केबिनमधून ओरडले: शून्य!
मग हसत बाहेर आले:
धा किलोच्या आतलं याला दिसत न्हाई.

मागं कोबीचा ट्रक हॉर्न देत होता.
मी घाईघाईनं त्याला उचलला,
आणि मला तो
चांगलाच जड लागला.